जावक नंबर पडला म्हणजे मेल पोचला, असं नसतं

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे आणि विषय वरवर रुक्ष वाटेल. पण ज्यांच्या घरात बारावीचं पोर आहे, ज्यांच्या दुकानाला जीएसटी नंबर आहे, ज्यांचा भरतीचा, टेंडरचा किंवा अपिलाचा कागद कुठल्या तरी कार्यालयात अडकलाय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

नांदेड असो की लातूर, हल्ली कुठल्याही खिडकीवर गेलं की एक नवं उत्तर ऐकू येतं. ‘तुम्हाला मेल केला होता की!’ पूर्वीचं उत्तर होतं, ‘साहेब मीटिंगला गेलेत.’ ते ऐकून माणूस निदान दुसऱ्या दिवशी परत यायचा. ‘मेल केला होता’ म्हटलं की मात्र विषयच संपतो. मेल गेला, त्यांच्याकडे नोंद आहे, तुम्ही बघितला नाही, म्हणजे चूक तुमची.

माझं म्हणणं साधं आहे. मेल पाठवणं वेगळं आणि मेल पोचणं वेगळं. खास करून एखादी संस्था आपला मेल सर्व्हर जुन्या जागेवरून नव्या जागी नेते, तेव्हा या दोन गोष्टींत मोठी दरी पडते. ती दरी बुजवायचं काम पाठवणाऱ्याचं आहे. ते अवघड नाही, महागही नाही. पण ते आपलं काम आहे हेच आपल्याकडे कुणी मान्य करत नाही.

आधी हलवाहलव कुठे चाललीय ते बघू. देशातली सगळ्यात मोठी हलवाहलव केंद्र सरकारनेच केली. एनआयसी ही सरकारी संस्था जो मेल चालवते, तो चेन्नईच्या झोहो कंपनीने उभारलेल्या यंत्रणेवर नेण्यात आला. कंत्राट २०२३ मध्ये दिलं गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्तमानपत्रांत आलेल्या बातम्यांनुसार सुमारे १२ लाख सरकारी कर्मचाऱ्यांची खाती त्यात गेली, पंतप्रधान कार्यालयासकट. त्याच महिन्यात ८ तारखेला गृहमंत्री अमित शहा यांनीही आपण झोहो मेलवर गेल्याचं जाहीर केलं.

या दोन बातम्या एकसारख्या वाटतात, पण त्यांच्यात एक फरक आहे आणि आजच्या विषयाचं मूळ त्यातच आहे. शहांचा पत्ताच बदलला. म्हणून त्यांनी तो लोकांना जाहीरपणे सांगितला. सरकारी खात्यांचे पत्ते मात्र तेच राहिले, ‘ॲट’नंतरचं जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन तसंच. बदललं ते मागचं घर. पत्ता बदलला तर माणसांना सांगावं लागतं. पत्ता तोच ठेवून घर बदललं तर यंत्रांना सांगावं लागतं. पहिलं काम सगळ्यांना सुचतं. दुसरं विसरलं जातं.

आपल्याकडे लहान प्रमाणात हेच चाललंय. कॉलेजं, पतसंस्था, दवाखाने, कारखाने, क्लासेस. कुणाचं जुन्या होस्टिंगवाल्याशी वाजलं, कुणाचा ऑफिसच्या कोपऱ्यातला सर्व्हर जळाला, कुणाला कुणीतरी ‘क्लाउडवर चला, स्वस्त पडतं’ असं सांगितलं. शनिवारी रात्री सर्व्हर हलतो आणि सोमवारी सकाळी गोंधळ सुरू होतो.

लातूरकरांना हा गोंधळ समजवायला वेगळं उदाहरण नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. किल्लारीचं नाव किल्लारीच राहिलं, माणसंही तीच. पण नव्या किल्लारीत कुणाला भेटायचं असेल आणि तुमच्या हातात जुना नकाशा असेल, तर तुम्ही पडक्या भिंतींपाशी जाऊन उभे राहाल. मेल सर्व्हर हलवला की त्याच्या गावाचंही असंच होतं.

इंटरनेटवर नाव असतं माणसांसाठी आणि नंबर असतो यंत्रांसाठी. पोस्टानेही हेच केलं होतं. एकाच नावाची गावं ढिगाने, म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हा मराठी माणूस होता. नांदेड ४३१६०१, लातूर ४१३५१२. मेल सर्व्हरलाही असा एक नंबर असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. सर्व्हर हलला की हा नंबर बदलतो. तुम्हाला-मला तो कधी दिसत नाही. पण तुमचा मेल घेणारं जीमेल आधी तोच बघतं.

जीमेलच्या दारात आलेल्या प्रत्येक मेलला साधारण चार प्रश्न विचारले जातात.

पहिला प्रश्न: या संस्थेच्या नावाने मेल पाठवायची तुला परवानगी आहे का? त्यासाठी संस्थेने एक यादी जाहीर करून ठेवायची असते, तिला एसपीएफ म्हणतात. आमच्या नावाने फक्त या या नंबरांवरून मेल येईल, बाकीचे तोतये समजा, असा तिचा अर्थ. सर्व्हर हलवला आणि यादीत जुनाच नंबर राहिला, की तुमचा खरा मेल तोतया ठरतो.

दुसरा प्रश्न: शिक्का आहे का? पूर्वी लखोट्यावर लाखेचा शिक्का मारायचे, तशी प्रत्येक मेलवर एक डिजिटल खूण असते. तिचं नाव डीकेआयएम. नव्या सर्व्हरवर त्याची किल्ली बसवली नाही तर मेल बिनशिक्क्याचा जातो.

तिसरा प्रश्न उलटा असतो. नंबरालाच विचारलं जातं, तुझं नाव काय? उत्तरात संस्थेच्या मेल सर्व्हरचं नाव यायला पाहिजे. या नोंदीला पीटीआर म्हणतात. ही नोंद संस्थेच्या हातात नसते. नंबर ज्याच्या मालकीचा, त्या होस्टिंग किंवा इंटरनेट कंपनीकडून ती करून घ्यावी लागते. म्हणून ती हमखास राहून जाते.

चौथा प्रश्न: तुझी चालचलणूक कशी? भाड्याने खोली घेतली आणि आधीच्या भाडेकरूने गल्लीभर उधारी करून ठेवलेली असली, तर दुकानदार तुमच्याकडेच संशयाने बघणार. तुमच्या वाट्याला आलेल्या नंबरावरून आधी कुणी फालतू जाहिराती पाठवल्या असतील तर तो नंबर काळ्या यादीत असू शकतो. १९९८ मध्ये सुरू झालेली स्पॅमहाउस नावाची संस्था अशा याद्या ठेवते आणि जगभरचे मेल सर्व्हर त्या बघतात. नंबर अगदी कोरा असला तरी अडचण आहेच. काल ज्याला कुणी ओळखत नव्हतं, तो आज एकदम दहा-वीस हजार मेल पाठवायला लागला, तर दारावरचा शिपाई त्याला थांबवणारच.

हे प्रश्न आधीही विचारले जायचे, पण चुकीच्या उत्तराला बरंच चालून जायचं. गूगल आणि याहूने ऑक्टोबर २०२३ मध्ये नवे नियम जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४ पासून ते लागू केले. मेल पाठवणारा लहान असो की मोठा, एसपीएफ किंवा डीकेआयएम पाहिजेच, पीटीआरही नीट पाहिजे. जीमेलवाल्यांना दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही पाहिजेत, शिवाय डीमार्क नावाची तिसरी नोंद. खोटा मेल आला तर त्याचं काय करायचं, हे संस्था डीमार्कमध्ये सांगून ठेवते. ‘हा स्पॅम आहे’ अशा लोकांच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ देऊ नका, असंही त्यात आहे. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकसाठी मोठ्या पाठवणाऱ्यांना असेच नियम लावले. म्हणून पाच वर्षांपूर्वी जो सर्व्हर हलवून काही बिघडलं नव्हतं, तोच आज हलवला तर बिघडतं.

जीमेलवर रागावण्यात मात्र अर्थ नाही. ३ मे १९७८ ला अमेरिकेतल्या डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थ्यूर्क नावाच्या माणसाने सुमारे ४०० जणांना एकगठ्ठा जाहिरात पाठवली, तिथून स्पॅमची सुरुवात मानतात. आज त्या ४०० चे किती झाले आणि बँकेच्या, पोलिसांच्या, ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने काय काय येतं, हे आपण रोज बघतो. दारावर कडक शिपाई नसता तर आपल्या म्हाताऱ्या आई-बापांची खाती केव्हाच रिकामी झाली असती. शिपाई ओळखपत्र मागतो हे बरोबरच आहे. संस्थेने ते खिशात ठेवलं नाही, हा प्रश्न आहे.

आता माझ्या पाहण्यातलं एक प्रकरण. शिक्षणसंस्था नांदेडातली आहे, नाव घेत नाही, कारण मुद्दा एका संस्थेचा नाही. ऐन प्रवेशाच्या दिवसांत त्यांनी मेल नव्या सर्व्हरवर नेला. आम्हा पत्रकारांना त्यांच्या प्रेसनोट यायच्या बंद झाल्या. फोन केला तर उत्तर, ‘पाठवलीय की साहेब, बघा.’ चौकशीला गेलो तर खिडकीवर पालकांची रांग. कुणी मुखेडचं, कुणी देगलूरचं, एक जण किनवटहून आलेला. किनवटहून नांदेडला यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. सगळ्यांचं एकच म्हणणं, फी भरल्याचा मेल आला नाही, कागदपत्रं कधी दाखवायची ते कळलं नाही. आणि आतून एकच उत्तर, ‘आमच्याकडून गेलंय, स्पॅममध्ये बघा.’

आतले लोक खोटं बोलत नव्हते, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांचे एकमेकांना केलेले मेल व्यवस्थित जात होते. प्राचार्यांचा मेल क्लार्कला मिळत होता, क्लार्कचा लेखापालाला. ते मेल संस्थेच्या सर्व्हरमधून बाहेरच पडत नव्हते, त्यामुळे त्यांना कुठल्याच दारावर कुणी अडवत नव्हतं. शिवाय बाहेरच्यांपैकीही काहींना मिळत होते, काहींना नाही. मग आत बसलेल्या माणसाची खात्रीच पटते की यंत्रणा ठीक आहे, लोकांनाच मोबाइल कळत नाही.

चार-पाच दिवसांनी त्यांनी गावातल्याच एका तरुणाला बोलावलं. हा पोरगा कॉम्प्युटर दुरुस्तीपासून सर्व्हरपर्यंत सगळं करतो. त्याने पहिली गोष्ट काय केली, तर परत आलेले मेल उघडले. तोवर कुणी बघितलेच नव्हते. शेकडो मेल परत येऊन पडले होते आणि प्रत्येकावर न पोचण्याचं कारण लिहिलेलं होतं. तो म्हणाला, ‘सर, यात फक्त पहिला आकडा बघायचा. चारने सुरू झाला तर, आत्ता नाही, नंतर या. पाचने सुरू झाला तर, परत येऊच नका.’ बहुतेकांवर ५५० होता.

मग एकेक गोष्ट सापडत गेली. एसपीएफची यादी दुरुस्त करायच्या ऐवजी नव्या कंपनीने तिच्या खाली दुसरी यादी लावली होती. नियम असा की एका नावाला एकच यादी. दोन दिसल्या की घेणारा दोन्ही रद्द धरतो. म्हणजे नोंद ‘केली’ होती, पण न केल्याहून वाईट. शिक्क्याची किल्ली सर्व्हरवर होती, पण तिची जाहीर नोंद कुठेच नव्हती. नंबराला नाव विचारलं तर होस्टिंग कंपनीचंच कसलंतरी लांबलचक नाव येत होतं. आणि नंबर एका काळ्या यादीतही होता, आधीच्या भाडेकरूच्या कृपेने.

पहिल्या दोन गोष्टी एका दुपारी झाल्या. पीटीआरसाठी कंपनीला लिहिलं, ते दुसऱ्या दिवशी झालं. काळ्या यादीतून नाव काढायचा अर्ज केला. आणि त्याने संस्थेला बजावलं की आता साचलेले सगळे मेल एकदम सोडू नका. आधी रोज थोडे, तेही जे पालक मेल उघडतात, उत्तर देतात त्यांना. मग वाढवत न्या. नव्या गावात आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी सगळ्यांकडे उधार मागायचं नसतं, तसंच हे. आठवड्याभरात मेल सुरळीत झाले. खर्च म्हणाल तर त्या पोराची मजुरी. या नोंदी करायला सरकारला की कंपनीला वेगळी फी लागत नाही.

म्हणजे अडचण पैशाची नव्हती, ज्ञानाचीही नव्हती. गावात जाणकार माणूस होता. परत आलेला मेल उघडून बघायचं काम कुणाचं, हेच ठरलेलं नव्हतं.

आपल्या कार्यालयांत आवक-जावक विभाग असतो. पत्र गेलं की जावक नंबर पडतो आणि टेबलावरचं काम संपतं. पण त्या जुन्या पद्धतीतही एक शहाणपण होतं. महत्त्वाचं पत्र रजिस्टरने जायचं आणि सहीचं कार्ड, म्हणजे पोचपावती, फाइलला लागायची. पत्र परत आलं तर पाकिटावर पोस्टमनचा शेरा असायचा आणि ते पाकीट तसंच फाइलला ठेवायचे. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, तरी पोचपावतीची पद्धत लोकांच्या अंगात भिनलेली आहे. मेलच्या बाबतीत आपण जावक नंबर घेतला आणि पोचपावती सोडून दिली. पोस्टमनचा शेरा मात्र अजूनही येतो. ५५० हाच तो शेरा. फाइलला लावायचं सोडा, तो कुणी वाचतसुद्धा नाही.

यात एक दुसरी बाजू आहे, जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. मेल जसा कार्यालयातून बाहेर जातो तसा आतही येतो. सर्व्हर हलवल्यावर नवा नंबर जगभर एकाच क्षणी कळत नाही. जुना नंबर किती वेळ लक्षात ठेवायचा याची मुदत असते, तिला टीटीएल म्हणतात. ती दिवसभराची असेल, तर तेवढा वेळ काही मेल जुन्याच घराकडे जात राहतात. जुना सर्व्हर सुरू ठेवून त्यातला मेल नव्यावर आणला तर काही बिघडत नाही. पण हलवल्या हलवल्या कुणी तिकडे बघायचंच सोडलं, तर तुमचा अर्ज तिथेच पडून राहतो. तुमच्याकडे ‘सेंट’ दाखवतं, इकडे आवक रजिस्टरला नोंद नाही. अर्जाची शेवटची तारीख त्याच दिवशी असेल तर भांडायचं कुणाशी?

‘एक मेल नाही मिळाला तर काय आभाळ कोसळतं,’ असं कुणी म्हणेल. तर कायदा बघा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम १३ प्रमाणे, तुम्ही जो पत्ता कळवलाय त्या यंत्रणेत मेल शिरला की तो तुम्हाला मिळाला असं धरलं जातं. तुम्ही उघडला का, वाचला का, हे त्यात विचारलेलं नाही. स्पॅमचा फोल्डर त्याच यंत्रणेत असतो, हे लक्षात घ्या. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेलवर नोटीस पाठवणं ही बजावणीची वैध पद्धत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर समन्सही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बजावायची वाट मोकळी केली.

म्हणजे गुंता असा झालाय. पाठवणाऱ्याच्या चुकीच्या नोंदींमुळे मेल तुमच्या स्पॅममध्ये जाऊन पडला, तर कागदोपत्री तो तुम्हाला मिळाला. मुदत तिथून चालू. गंजगोलाईतला किराणा दुकानदार सकाळी आठला शटर उघडतो, रात्री दहाला बंद करतो. त्याने रोज स्पॅममधली लॉटरीची आणि कर्जाची शंभर पत्रं चाळून त्यातून एक खरी नोटीस शोधायची, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने? आणि ५५० चा शेरा मारून जो मेल दारातूनच परत गेला, तो तर स्पॅममध्येही सापडत नाही. ‘स्पॅममध्ये बघा’ हे उत्तर तिथे साफ खोटं ठरतं.

या सगळ्यावर आपल्याकडे एक जुगाड निघालाय, तो मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. अधिकृत मेल पोचत नाही ना, मग क्लार्कच्या नावाने एक जीमेल काढा आणि त्यावरून पाठवा. तो पोचतो, सगळे खूश होतात. पण उद्या त्याच नावात एक अक्षर बदलून कुणी भामट्याने खातं काढलं आणि ‘उरलेली फी या खात्यात भरा’ असं पालकांना लिहिलं, तर खरं कोणतं, खोटं कोणतं, हे कसं ओळखणार? क्लार्कची बदली झाली की खात्याचा पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, ते वेगळंच. केंद्राचं ई-मेल धोरण २०१५ मध्ये राजपत्रात आलं. सरकारी कामाला सरकारी मेलच वापरायचा, हा त्याचा गाभा. त्याला दहा वर्षांहून जास्त काळ झाला. आपल्याकडच्या पाट्यांवर, पत्रकांवर, निविदांवर किती जीमेल दिसतात, ते चालता चालता मोजा.

म्हणून नांदेड आणि लातूरमधल्या कार्यालयांकडे, महापालिकांकडे, शिक्षणसंस्थांकडे आणि सहकारी बँकांकडे माझ्या सहा मागण्या आहेत. यातली एकही महाग नाही.

१. सर्व्हर हलवायच्या कंत्राटात ‘मेल पोचले पाहिजेत’ हे लिहा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क आणि पीटीआर या चारही नोंदी तपासून दाखवल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका.

२. ऐन प्रवेशात, भरतीत, मार्चअखेर किंवा निविदेच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर हलवू नका. पेरणीच्या दिवशी कुणी बैल बदलत नाही.

३. हलवायच्या दोन-तीन दिवस आधी टीटीएल काही मिनिटांवर आणा. एसपीएफच्या यादीत नवा नंबर आधीच घाला, जुना मागाहून काढा. नवा नंबर काळ्या यादीत आहे का, ते पैसे देण्याआधी बघा. जुना सर्व्हर निदान महिनाभर चालू ठेवा आणि त्यातला मेल रोज बघा.

४. परत आलेले मेल रोज बघायची जबाबदारी एका माणसाला नावानिशी द्या. ज्याचा मेल परत आला त्याला फोन करा. नंबर अर्जावर असतोच. मेल परत आला असेल तर ‘पाठवला’ अशी नोंद ग्राह्य धरू नका.

५. डीमार्कची नोंद केली की तुमच्या नावाने गेलेल्या मेलचं काय झालं, याचे अहवाल मोठ्या मेल कंपन्या तुम्हाला फुकट पाठवतात. ते उघडा.

६. हलवाहलवीची नोटीस दारावर आणि वर्तमानपत्रात द्या: अमुक तारखेपासून पंधरा दिवस मेल मिळाला नाही तर या फोनवर विचारा. त्या काळातल्या मुदतींना सवलत द्या.

आता तुमच्या-माझ्यासाठी. महत्त्वाच्या मेलची वाट बघत असाल तर स्पॅम बघाच. कायदा तसा आहे तोवर दुसरा इलाज नाही. तिथे खरा मेल सापडला तर ‘नॉट स्पॅम’ दाबा आणि तो पत्ता कॉन्टॅक्टमध्ये घाला, पुढचे मेल वर यायची शक्यता वाढते. मेल खरा की खोटा अशी शंका आली तर कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, त्या मेलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत ‘शो ओरिजिनल’ आहे. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांच्यापुढे ‘पास’ दिसतंय का ते बघा, आणि कोणत्या नावासाठी पास झालंय तेही बघा. भामट्याच्या स्वतःच्या डोमेनलाही पास मिळू शकतं. तुम्ही कार्यालयाला पाठवलेला मेल परत आला तर तो पुसू नका. छापून घ्या, अर्जाला जोडा आणि आवक विभागाचा शिक्का घ्या. तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे. सरकारी कार्यालय दाद देत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. एकच विचारा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्या कार्यालयातून गेलेले किती मेल परत आले आणि त्यावर काय कार्यवाही केली? उत्तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं आलं तरी बरंच काही कळतं.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. किनवटच्या माणसाचा एक दिवस वाचत असेल तर मेल हवाच, ऑनलाइन हवंच. सर्व्हर नव्या जागी न्यायलाही हरकत नाही, जुना सर्व्हर कधीतरी थकणारच. म्हणणं एवढंच की घर बदलल्यावर पोस्टमनला सांगायचं काम घर बदलणाऱ्याचं असतं, पत्राची वाट बघणाऱ्याचं नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी खिडकीवर कुणी ‘मेल केला होता की’ म्हणालं, तर आवाज चढवू नका, मान खाली घालून परतही येऊ नका. शांतपणे एवढंच विचारा: ‘साहेब, तो परत तर आला नाही ना? जरा बघून सांगा.’